उद्योग-संवाद : फसलेल्या धंद्याचा हिशेब

गेल्या अंकात, चालू धंदा थांबवण्याची वेळ कशी ओळखावी, याविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे, ज्यांचा धंदा आधीच बंद झाला आहे अशा वाचकांची आहेत आणि त्या सर्वांच्या प्रश्नांचा रोख एकच आहे : झाले त्यातून नेमके शिकायचे काय आणि पुन्हा उभे राहायचे ते कशाच्या बळावर? म्हणून या वेळचे सदर याच प्रश्नांसाठी ठेवले आहे. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. पत्रे लांब होती, ती आशय न बदलता थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल काढण्याचा व्यवसाय सुरू केला होता. बावीस महिन्यांनी तो बंद करावा लागला. तीन लाखांच्या आसपास तोटा झाला, शिवाय दुकानदारांकडे ६४,००० रुपये उधारी अडकली आहे. लोकांना शुद्ध तेलाची किंमत नाही, त्यांना स्वस्त पामतेलच हवे असते, असा माझा अनुभव आहे. घरी येणारा प्रत्येक जण ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ असे सांगून जातो. मला मात्र त्यातून काय शिकले ते अजून सांगता येत नाही. सोबत एका दिवसाचा हिशेब पाठवत आहे.

उत्तर : ताई, ‘काय शिकले ते सांगता येत नाही’ हे तुमचे वाक्य मला या महिन्याच्या सगळ्या पत्रांत सर्वांत प्रामाणिक वाटले. अपयश आपोआप काही शिकवत नाही. ते फक्त दुखते, आणि दुखते आहे तोवर मनाला जे कारण सोसवते तेच आपण खरे मानून बसतो. लोकांना शुद्ध तेलाची किंमत नाही, हे असेच एक सोसवणारे कारण आहे. कारण तुमच्याच पत्रात तुम्ही पुढे लिहिले आहे की, पहिल्या सहा महिन्यांनंतर दर महिन्याला गिऱ्हाईक वाढत होते आणि जुनी गिऱ्हाइके बाटल्या परत घेऊन पुन्हा तेल भरून नेत होती. ज्या मालाला गिऱ्हाईक परत येते, तो माल लोकांनी नाकारला असे म्हणता येत नाही. तेव्हा कारण दुसरीकडे शोधायला हवे. ते तुम्ही पाठवलेल्या एका कागदावरच आहे, म्हणून तो कागद इथे उलगडतो.

तुम्ही दिवसाला १०० किलो शेंगदाणे घाण्यात घालत होता. १२० रुपये किलोने त्यांचे १२,००० रुपये झाले. त्यातून ४० किलो तेल आणि ५५ किलो पेंड निघत होती. तेल तुम्ही वजनकाट्यावर मोजून एक-एक किलोच्या चाळीस बाटल्यांत भरत होता आणि बाटलीचा भाव ३०० रुपये ठेवला होता. तो कसा ठरवला, तेही लिहिले आहे : शेजारच्या गावातील घाण्यावर ‘लिटरला तीनशे’ असा फलक होता, म्हणून. ताई, इथे थांबा. शेंगदाणा तेलाचा एक लिटर म्हणजे एक किलो नव्हे. तो साधारण ९१० ग्रॅम भरतो. किराणा दुकानातील कोणत्याही तेलाच्या पिशवीवर एक लिटरच्या शेजारी बारीक अक्षरांत ९१० ग्रॅम छापलेले असते, ते आज पाहा. तुमच्या चाळीस किलो तेलाच्या चव्वेचाळीस लिटर बाटल्या व्हायला हव्या होत्या. शेजारी लिटरला जे घेत होता ते तुम्ही किलोला घेत होता, आणि त्यामुळे दर घाण्याच्या दिवशी चार बाटल्या, म्हणजे १,२०० रुपये, तुम्ही नकळत वाटून टाकत होता.

आता पुढे. चाळीस बाटल्यांचे १२,००० आणि पेंडीचे ४० रुपये किलोने २,२०० धरले, त्यातून शेंगदाण्याचे १२,००० वजा केले की उरतात २,२००. मजुरी ६००, बाटल्या आणि लेबल ५६०, वीज १५०, हे गेल्यावर हाती राहतात ८९०. महिन्यात असे पंधरा दिवस, म्हणजे १३,३५० रुपये. गाळ्याचे भाडे आणि कर्जाचा हप्ता मिळून १४,५००. सगळे तेल स्वतःच्या हाताने रोख विकले असते, तरीही तुम्ही महिन्याला ११५० रुपयांनी मागे पडत होता. त्यात निम्म्या बाटल्या दुकानदारांना २६० रुपयांनी दिल्या, तिथे महिन्याला आणखी १२,००० गेले. एकूण १३,१५० रुपये महिना. बावीस महिन्यांचे २ लाख ८९ हजार. तुमचा ‘तीन लाखांच्या आसपास’चा तोटा अगदी तंतोतंत जुळतो. त्यात पामतेल कुठेही येत नाही.

बाटली लिटरची भरली असती, तर चार जादा बाटल्यांचा खर्च वजा जाऊनही महिन्याला सतरा हजारांच्या घरात रक्कम वाढली असती आणि धंदा तरला असता. पण त्यातही बावीस बाटल्या दुकानदाराला त्याच सवलतीने दिल्या असत्या, तर महिन्याअखेर तीन हजारही उरले नसते. म्हणजे तुमच्या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत मावते : मोजण्याचे माप चुकले, आणि दुकानदारामार्फत विकण्याइतका नफा या मालात नव्हताच. पहिली चूक एका दिवसात दुरुस्त होते. दुसरीसाठी विक्रीची पद्धतच बदलावी लागते, म्हणजे घाण्यावर येऊन नेणारी, आधी नोंद करणारी, रोख देणारी घरे किती जमवता येतील ते पाहून तेवढाच घाणा चालवणे. घाणा तुम्ही विकलेला असला, तरी ती गिऱ्हाइके विकली गेलेली नाहीत. त्यांची यादी आहे का? असल्यास ती जपून ठेवा.

हे इतके खात्रीने लिहितो, कारण मी स्वतः यातून गेलो आहे. १९९३ साली मी तालुक्याच्या गावी लोखंडी गेट आणि ग्रिल बनवण्याचे वर्कशॉप काढले होते. ते तीन वर्षांत बंद पडले. एका मोठ्या गिऱ्हाइकाने बिल आठ महिने थकवले, म्हणून आपण बुडालो, हे मी पुढे दोन वर्षे सर्वांना सांगत होतो आणि माझाही त्यावर विश्वास होता. नंतर एका जुन्या हिशेबनिसांनी माझ्याकडून सगळी बिले मागून घेतली, लोखंडाच्या खरेदीचे वजन एका बाजूला आणि विकलेल्या गेटांचे वजन दुसऱ्या बाजूला मांडले, आणि विचारले, “मधले लोखंड गेले कुठे?” अँगलचा बार सहा मीटरचा येतो. आमच्या नेहमीच्या गेटाला पावणेदोन मीटरचे उभे तुकडे लागत. एका बारातून तीन तुकडे निघत आणि पाऊण मीटर उरत असे. तो उरलेला तुकडा भिंतीला टेकवून ठेवला जाई आणि वर्षाअखेर भंगाराच्या भावाने जाई. गिऱ्हाइकाला मात्र मी तयार गेटाच्या वजनावर भाव देत होतो. त्या उभ्या तुकड्यांपुरते म्हणायचे तर दर आठ किलो लोखंडातील एक किलो मी तीन वर्षे पदरचे घालत होतो. थकलेले बिल खरेच होते. पण ते वेळेवर आले असते, तरी वर्कशॉप सहा महिने उशिरा बंद पडले असते, इतकेच. तो कोपऱ्यातला तुकड्यांचा ढीग मी रोज पाहत होतो, हे आठवले की अजूनही वाईट वाटते.

म्हणून विनंती अशी की, एक साधी वही करा आणि तीत तारखेनुसार फक्त घडलेले लिहा. किती घेतले, कितीला घेतले, किती निघाले, कोणाला दिले, पैसे कधी आले, एवढेच. ‘लोकांना किंमत नाही’ असली वाक्ये त्या वहीत येऊ देऊ नका. आठ-दहा दिवस हे करताना त्रास होईल, काही पाने लिहून होणार नाहीत. घरातील कोणाला तरी शेजारी बसवून घ्या. अडकलेल्या ६४,००० रुपयांसाठी प्रत्येक दुकानदाराला बिलांच्या तारखा आणि रकमा लिहून द्या व पोच घ्या. तोंडी मागणीला तोंडीच उत्तर मिळते.

प्रश्न : मी फोंड्याजवळ राहतो, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. उद्योजकतेवरील व्याख्यानांत अपयशाची उदाहरणे म्हणून नेहमी अमेरिकेतील किंवा जपानमधील माणसे सांगितली जातात. आपल्याकडे असे कोणी झाले का, की ज्यांच्या अपयशातून ते काय शिकले हे आपल्याला पाहता येईल?

उत्तर : झाले, आणि तुमच्यापासून फार लांबही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे आयुष्य या दृष्टीने पुन्हा वाचा. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे २० जून १८६९ रोजी त्यांचा जन्म झाला. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात गेले, आणि तिथे लक्षात आले की काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराच्या दृष्टीने याहून पुरते दार बंद होणे कोणते असेल? पण रंग गेले तरी रेषा हातात होती. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तिथे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. तिथे त्यांनी आणि थोरले बंधू रामूअण्णांनी सायकलींच्या विक्रीचा व्यवसाय केला. किर्लोस्कर बंधूंच्या व्यवसायाचा आरंभ १८८८ पासून धरला जातो. सायकल विकायची आणि ती चालवायलाही शिकवायची, असे ते दुकान होते.

मग कडबा कापण्याचे यंत्र झाले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर आला. इथला प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नांगर चांगला होता, तरीही शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी त्यांची समजूत होती. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षे लागली. विचार करा : कारखाना लहान, भांडवल थोडके, आणि तयार माल दोन वर्षे पडून. अशा वेळी ‘शेतकरी अडाणी आहे’ असे म्हणून हात झटकणे अगदी सोपे होते. पण घेणाऱ्याला भीती वाटत असेल तर त्या भीतीचे निरसन करणे हाही नांगर बनवण्याइतकाच कारखानदाराच्या कामाचा भाग आहे, हे त्यांनी मान्य केले. यंत्र तयार झाले म्हणजे धंदा झाला, असे समजणाऱ्या प्रत्येक अभियंत्याने ही दोन वर्षे लक्षात ठेवावीत असे मला मनापासून वाटते. तुमच्या वर्गातील जे प्रकल्प बक्षीस मिळवून कपाटात जातात, ते बहुधा याच टप्प्यावर थांबलेले असतात.

जम बसत होता, तेवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेने वस्तीच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडायला सांगितली. उभा कारखाना उचलून न्यायचा कुठे? तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. तो निवडुंग माजलेला, सापांचा माळ होता. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली, आणि पुढे त्या स्थानकालाही तेच नाव मिळाले. चार वर्षांत पहिले महायुद्ध सुरू झाले आणि कोळसा, लोखंड, रंग सगळेच मिळेनासे झाले. दगडी कोळशाच्या जागी लाकडी कोळसा वापरून भट्टी चालवली गेली, कोल्हापूर संस्थानातील जुन्या तोफा मिळवून त्या वितळवल्या गेल्या आणि त्या लोखंडाचे नांगर झाले.

या क्रमात एक गोष्ट पुन:पुन्हा दिसते. प्रत्येक फटक्यानंतर त्यांच्याकडे काहीतरी शिल्लक राहिले, आणि पुढचे काम त्या शिलकेवर उभे राहिले. जे. जे. मधून रेखाटन शिल्लक राहिले, मुंबईतून यंत्रांची ओळख, सायकलींतून गिऱ्हाइकाला शिकवण्याची सवय. नांगर पडून राहिले त्या दोन वर्षांतून शेतकऱ्याचे मन कळले. हे गेले, आता अगदी नवे काहीतरी करू, असे त्यांनी दर वेळी केले नाही.

मात्र ही गोष्ट वाचताना दोन बाबी विसरू नका. एक म्हणजे त्यांना भावाची साथ होती आणि ऐन अडचणीत बिनव्याजी दहा हजार मिळाले. त्या काळी ती रक्कम फार मोठी होती. चिकाटीच्या गोष्टी सांगताना हा आधार सांगायचा राहून जातो, आणि मग आधार नसलेला तरुण स्वतःलाच चिकाटी कमी पडली असे समजतो. ते अन्यायाचे आहे. दुसरी बाब अशी की, त्याच काळात ज्यांचे कारखाने बंद पडले ते पडलेच, त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. म्हणून यशस्वी माणसाच्या अपयशांची यादी वाचून, अपयश आले म्हणजे यश ठरलेलेच, असा निष्कर्ष काढू नका. तुमच्या आसपास फोंड्यात, मडगावात किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एखादा बंद पडलेला गाळा असेल. त्याच्या मालकाला भेटून, मान राखून, तासभर ऐका. दहा व्याख्यानांत मिळणार नाही इतके तिथे मिळेल.

प्रश्न : भोसरीत भाड्याच्या गाळ्यात माझ्या दोन सीएनसी लेथ (संगणकाने चालणारी, धातूचे भाग कातणारी यंत्रे) होत्या. महिन्याला चार लाखांचे जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे भाग मजुरीवर करून देण्याचे काम, होते आणि त्यातील ऐंशी टक्के एकाच कंपनीचे होते. आधी ९० दिवसांनी पैसे येत, पुढे १५० दिवसांवर गेले. शेवटी पगार देता येईना म्हणून काम बंद केले. त्या कंपनीकडे सात लाख येणे आहे. बँकेचे १८ लाख थकले आहेत. ११ लाख एकरकमी भरल्यास बँक प्रकरण मिटवायला तयार आहे. मोठा भाऊ जामीनदार आहे. मिटवावे का? आणि मला पुन्हा उद्योग करता येईल का?

उत्तर : आधी सात लाखांचे पाहू, कारण तिथे उशीर परवडणार नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा २००६ चा आहे. त्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल अथवा सेवा घेणाऱ्याने, करारात मुदत ठरली असेल तर त्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. ‘आमच्याकडे नव्वद दिवसांचीच पद्धत आहे’ या उत्तराला कायद्यात आधार नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. यासाठी सूक्ष्म व लघु उपक्रम सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. परिषदेचा निवाडा विरोधात गेला आणि खरेदीदाराला तो न्यायालयात आव्हानित करायचा असला, तर आधी ७५ टक्के रक्कम जमा करावी लागते. काम पुरवण्याच्या आधीपासून तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) होती का, हे तपासा. असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. पीओ (खरेदीचे आदेश), चलने, बिले, मालाची पोच आणि ईमेल एकत्र करून या महिन्यातच जाणत्या वकिलाला दाखवा, आणि जुन्या बिलांवर दावा करण्याच्या मुदतीचा प्रश्न त्यांना सर्वांत आधी विचारा. प्राप्तिकराच्या बाबतीतही २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून असा बदल झाला आहे की, या मुदतीत न दिलेली आणि वर्षाअखेरही थकलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. ही गोष्ट त्या कंपनीच्या हिशेब विभागाला सौम्य शब्दांत लेखी कळवली, तरी काही वेळा पैसे हलतात.

एकरकमी तडजोडीविषयी माझे मत असे. अठरा लाख पूर्ण फेडणे, घर चालवून आणि कोणाकडून चढ्या व्याजाने न उचलता, चार-पाच वर्षांत शक्य असेल, तर बँकेशी हप्त्यांची बोलणी करून पाहा. कारण तडजोडीने मिटलेले कर्ज पतअहवालात ‘सेटल्ड’ असे दिसते, पूर्ण फेडलेले ‘क्लोज्ड’ असे दिसते, आणि पुढचा कर्ज देणारा हा फरक पाहतो. शक्य नसेल, तर तडजोड घ्या आणि त्यात कमीपणा मानू नका. मात्र मंजुरीपत्र लेखी असू द्या. त्यात भावाच्या जामिनाची मुक्तता आणि तारण कागदपत्रे परत करण्याचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय पैसे भरू नका. पैसे भरल्यावर बेबाकी (काही देणे उरले नाही असा) दाखला घ्या आणि दोन महिन्यांनी पतअहवालातील नोंद स्वतः उघडून पाहा. ज्या वाचकांचा हप्ता नुकताच चुकला आहे त्यांच्यासाठी इथेच सांगून ठेवतो : खाते साधारण ९० दिवस थकले की अनुत्पादित (एनपीए) ठरते. त्याच्या आधी बँकेत स्वतःहून जा. अडचणीतील लहान उद्योगांच्या पुनरुज्जीवनाची कार्यपद्धती रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये घालून दिली आहे, आणि तिचा खरा उपयोग खाते अनुत्पादित होण्यापूर्वीच असतो.

आता शिकण्याचे. तुमच्या पत्रात ‘तोटा’ हा शब्द सात वेळा आला आहे. आकडे मात्र वेगळे सांगतात. महिन्याला चार लाखांचे बिल आणि ९० दिवसांची उधारी, म्हणजे कोणत्याही दिवशी बाहेर बारा लाख. तीच उधारी १५० दिवसांची झाली की बाहेर वीस लाख. एकही सुटा भाग रिजेक्ट झाला नाही, एकही ऑर्डर गेली नाही, तरी केवळ दोन महिन्यांच्या उशिराने तुम्हाला आठ लाखांचे जादा खेळते भांडवल लागले, आणि ते तुम्ही सीसी (बँकेच्या कॅश क्रेडिट) खात्यातून व मित्रांकडून उचलले. मशीन चालत होती, माल जात होता, म्हणून धंदा चांगला आहे असे वाटत राहिले. जॉबवर्कमध्ये कच्चा माल बहुधा गिऱ्हाइकाचा असतो, त्यामुळे भांडवल कमी लागते हा समज फार खोलवर आहे. पण ऑपरेटरचा पगार, इन्सर्ट (लेथची कापणारी पाती), वीज आणि भाडे यांना कोणी नव्वद दिवस थांबत नाही.

ऐंशी टक्के काम एकाकडे जाऊ दिले याबद्दल स्वतःला फार दोष देऊ नका. सुरुवातीला एक मोठे गिऱ्हाईक मिळणे हाच आधार असतो. चूक झाली ती १०५ व्या दिवशी, जेव्हा ठरलेल्या मुदतीत पैसे आले नाहीत आणि तुम्ही तरीही पुढचा माल पाठवला, कारण नाही पाठवला तर मागचे अडकेल अशी भीती होती. त्या दिवशी काय करायचे हे आधी ठरलेले असते, तर तो निर्णय इतका अवघड गेला नसता. पुन्हा सुरू कराल, आणि तुमच्या हातात बारा वर्षांचे काम आहे तेव्हा कराल असे मला वाटते, तेव्हा एवढे ठरवूनच करा : कोणत्या दिवसानंतर माल थांबवायचा आणि एका गिऱ्हाइकाकडे जास्तीत जास्त किती रक्कम अडकू द्यायची. तोवर दुसऱ्याच्या शॉपमध्ये नोकरी करण्यात काही गैर नाही. आणि ज्या चार कामगारांचा शेवटचा पगार राहिला आहे असे तुम्ही लिहिले आहे, तो बँकेच्या आधी द्या, थोडा थोडा का होईना. उद्या मशीन पुन्हा उभी राहील तेव्हा त्यांनाच बोलवावे लागेल.

प्रश्न : तीन वर्षे चालवलेला केटरिंगचा व्यवसाय बंद करून नोकरी शोधते आहे. अर्जात ती तीन वर्षे दाखवावीत की घरी होते असे सांगावे?

उत्तर : दाखवावीत. किती माणसांचे जेवण सांभाळलेत, किती जणांना काम दिलेत आणि व्यवसाय का थांबवला, हे तीन-चार सरळ वाक्यांत सांगा. कारण सांगताना कोणावर राग काढू नका, एवढेच.

प्रश्न : मी सोलापूरचा निवृत्त शिक्षक आहे. माझ्या एकतीस वर्षांच्या मुलाचे नाश्ता सेंटर आठ महिन्यांत बंद पडले, नंतर मोबाइल दुरुस्तीचे दुकान दोन वर्षांत. गेले दीड वर्ष तो शालेय गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कटिंग विभागात काम करतो. आता त्याला स्वतःचे गणवेशाचे युनिट काढायचे आहे आणि त्यासाठी तो माझ्या निवृत्तीच्या रकमेतून सहा लाख मागतो आहे. तिसऱ्यांदा पैसे द्यावेत का? नाही म्हटले तर तो खचेल, अशी त्याच्या आईला भीती वाटते.

उत्तर : सर, आपल्या पत्रातील एक गोष्ट मला आश्वासक वाटते. पहिले दोन धंदे त्याने कोणाचे तरी पाहून काढले होते, असे आपणच लिहिले आहे. या वेळी तो आधी दीड वर्ष त्या कामात राबला आहे. सोलापुरात गणवेशाचा धंदा मोठा आहे, कारागीर आणि बाजार दोन्ही तिथे आहेत. म्हणजे निवड अविचाराची नाही.

तरीही सहा लाख आज देऊ नयेत असे मी म्हणेन. गणवेशाचा हंगाम जूनच्या तोंडावर असतो. कापड त्याच्या कितीतरी आधी घ्यावे लागते, शिलाईची मजुरी आठवड्याला द्यावी लागते, आणि दुकानदाराचे पैसे शाळा सुरू झाल्यावर सावकाश येतात. कटिंगच्या टेबलापाशी उभे राहून कापडाचा मार्कर, म्हणजे कापायच्या तुकड्यांची मांडणी, कसा बसवायचा हे कळते. मालकाचा पैसा डिसेंबरपासून ऑगस्टपर्यंत कुठे अडकलेला असतो हे कळतेच असे नाही. त्याला एका कागदावर बारा महिने मांडायला सांगा : कोणत्या महिन्यात किती जाईल, किती येईल आणि सर्वांत जास्त रक्कम बाहेर असेल तो महिना कोणता. हा कागद आपण तपासू नका, त्याला एखाद्या लहान गणवेश उत्पादकाकडे घेऊन जाऊ द्या. तो माणूस पाच मिनिटांत चूक दाखवील, आणि ती वडिलांनी दाखवल्यासारखी बोचणार नाही.

कागद टिकला, तर पहिल्या हंगामात त्याला स्वतःची मशीन घेऊ देऊ नका. कापड घेऊन शिलाई बाहेरून करून घ्यावी, दोन-तीन दुकानांपुरताच माल काढावा, आणि यासाठी आपण दीड लाखाच्या आतली रक्कम द्यावी. ती उसनी आहे की भेट, हे आजच बोलून घ्या. घरातले पैसे याच संदिग्धतेमुळे नाती बिघडवतात. उरलेली रक्कम आपल्या आणि वहिनींच्या औषधपाण्याची आहे, तिला हात लावू नये. राहते घर तारण ठेवण्याचा विषय निघाला, तर तिथे स्पष्ट नकार द्यावा. हंगाम नीट गेला आणि हिशेब हातात असला, तर पुढच्या यंत्रसामग्रीसाठी मुद्रा योजनेत अर्ज करता येईल, आणि तेव्हा त्याच्याकडे बँकेला दाखवायला एका हंगामाची बिले असतील.

तो खचेल ही आईची भीती खरी आहे, आणि मी ती हलकी मानत नाही. पण दोन धंदे बंद झाल्यावर दुसऱ्याच्या कारखान्यात सकाळी वेळेवर जाऊन दीड वर्ष उभा राहिलेला मुलगा सहज खचणारा नसतो, हे वहिनींना सांगा. त्याच्याशी बोलायला बसाल तेव्हा पैशांचा विषय लगेच काढू नका. मोबाइलच्या दुकानात कोणाकडे किती येणे राहिले होते, ते सहज विचारा. उधारीची ती वही त्याने दुकान रिकामे करताना फेकली असेल, तर आधी आठवून जेवढे लिहिता येईल तेवढे लिहायला लावा. जपून ठेवली असेल, तर ती दोघांनी मिळून उघडा आणि पहिल्या पानापासून वाचा.